पाण्याखालची तहान

किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही. दोन डुबक्यांच्या मधे काठावर ओलं अंग वाळवत बसावं लागतं ना, तेव्हा ते आपोआप जमत जातात. आम्ही तर वर्षानुवर्षं तेच केलं! ऐंशीच्या आसपासची गोष्ट. भंडारा जिल्ह्यातले पूल, तलावांची गेटं, नळयोजनेच्या विहिरी, सगळं आमची पाणबुड्यांची टोळी खाली जाऊन तपासायची. टोळी म्हणजे तिघं. मुंबईच्या गोदीत हे काम शिकून आलेले वासुदेव उस्ताद, शालिक आणि मी.

उस्तादांचा नियम एकच. पाठीवर सिलिंडर चढवायच्या आधी लोटाभर पाणी प्यायचं. सिलिंडरमधली हवा ठणठणीत कोरडी. तासभर ती ओढली की घशाची चामडी होते.

कारध्याच्या घाटावर कपडे धुणारी एक बाई हे रोज बघायची. एके दिवशी तिला राहवलं नाही. "अवो, नदीत चालले अन् घरून पानी पिऊन चालले? नदी काय आटली का?"

उस्ताद म्हणाले, "बाई, नदी वरून भिजवते. आतून कोन भिजवन?"

*

शालिक मात्र चोरून लोटा रेतीत ओतायचा. कारण साधं होतं. रबरी सूट एकदा चढला की लघवीची सोय नाही!

मे महिना. पुलाच्या पायाशी शालिक उतरला. थोड्या वेळानं उस्तादांनी त्याच्या कमरेला बांधलेला खुणेचा दोर ओढला. उत्तर नाही. पुन्हा ओढला. नाही. उस्ताद तसेच सिलिंडर चढवून खाली गेले. काठावर मी दोर धरून उभा.

उस्तादांनी नंतर सांगितलं, शालिक तळाशी पुलाच्या पायाला टेकून बसला होता. गुडघ्यांना मिठी, डोळे उघडे. हिरव्या उजेडात बारीक मासोळ्या त्याच्या काचेसमोरून जात होत्या आणि तो त्या बघत होता. दोघांनी मिळून त्याला वर काढलं. ओठ फुटलेले, पोटऱ्यांत गोळे. चमच्याचमच्यानं पाणी पाजलं, तेव्हा कुठं तो बोलला.

"काहून उठवलं मले? माय पन्हं घेऊन येऊन राह्यली होती."

उस्ताद आमच्याकडे पाठ करून बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

*

त्यानंतर शालिक असा काही पाणी प्यायला लागला की विचारू नका! एकदा खालून दोराला झटक्यावर झटके. आम्ही घाबरून त्याला ओढून काढलं. तो बाहेर आला तो सूट फाडल्यासारखा उतरवत थेट बाभळीमागे पळाला.

"काय होतं रे? मगर?"

बाभळीमागून आवाज आला, "नाई! लोटा!"

*

थंडीत तहान लागत नाही, पण हवा तेवढीच कोरडी असते. एका तलावात मी गेटाशी उतरलो होतो. ऊन पाण्यातून तिरपं खाली येत होतं, कमळाचे देठ झोपेत हलल्यासारखे हलत होते, आणि माझ्याच श्वासाचा आवाज कुठून तरी लांबून येत होता. वर यावंसंच वाटेना. आलो तर काठावर इंजिनिअरसाहेब उभे. "गेट कसं आहे?"

मी तोंड उघडलं. आवाजच फुटेना!

उस्ताद म्हणाले, "साहेब, गेट ठीक हाये. पोट्टा सुकला."

*

शालिकचं लग्न झालं. नाव घ्या, नाव घ्या, असा बायकांचा गलका. सुमन लाजली नाही, की अडखळली नाही.

"कारध्याच्या पुलाखाली वैनगंगा वाहते, शालिकराव वर येईपर्यंत लोटा धरून राहते!"

मांडव हसला. उस्ताद एकटे नाक पुसत बाहेर गेले.

*

अड्याळच्या पुढं नदीकडच्या एका गावात विहिरीचा झरा बुजला होता. पाणी होतं, पण शिळं, हिरवट. मला उतरवलं. तळाशी धोंडा कोसळून बसला होता. पहारीनं तो सरकवला, तशी गार धार गालावर आली. घसा लाकडासारखा झालेला. मी तोंडातली नळी काढली, धारेला ओठ लावले आणि पाण्याच्या आत पाणी प्यायलो. मग नळी परत तोंडात घालून वर आलो.

काठावर एक म्हातारी बसली होती. मी खाली झऱ्याचं पाणी प्यायलो हे ऐकून तिनं विचारलं, "कसं लागलं?"

"गोड हाये आजी. अन् थंड."

"आमाले तं बालटीतलंच मालूम," ती म्हणाली आणि मला घरी घेऊन गेली. ओसरीवर बसवून पितळी गडव्यातून पाणी दिलं. खाली गोसीखुर्दला धरण होणार, ही बोलणी तेव्हा सुरू झाली होती. गावाच्या कडेला मोजणीवाल्यांचे दगडही लागले होते.

मी पाणी पीत होतो आणि ती माझ्याकडे बघत होती.

"हे गाव पान्याखाली जाते म्हंतेत. मंग येजो कधी. बाकी कोनाले जमनार नाई, तुले जमते."

मी गडवा रिकामा करून खाली ठेवला.

"कडी नाई लावत मी. गडवा रांजनावरच रायते."

"येईन आजी," मी म्हणालो.

तिनं गडवा पुन्हा भरला.