टाकीच्या टोपीवरचा स्क्रू

मागच्या रविवारी सकाळी जेऊरला उतरलो. स्टेशनवर घ्यायला दर वेळी बाळू यायचा, या वेळी वडापच्या जीपने गावात गेलो... माझा धाकटा भाऊ बाळू जाऊन आता दीड महिना झाला.

मी इथे सहसा काही लिहीत नाही. पण हे कुणाला तरी सांगायचं होतं, आणि समोरासमोर मला बोलता येत नाही.

बाळू उजनीच्या पाण्यात मासेमारी करायचा. त्याच्या होडीला मागे लावायचं एक जुनं परदेशी इंजिन होतं, वयाने माझ्याएवढं असेल. रंग उडालेला, दोरी ओढून सुरू करायचं, पेट्रोलची टाकी वरच बसवलेली... आम्ही दोघांनी कोकणात जाऊन जुनंच घेतलं होतं.

दोन वर्षांपूर्वी ते होडीला अडकवायचा क्लॅम्प तुटला. मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. म्हणून इंजिन माझ्या गाडीतून आणलं, वेल्डिंग करून घेतलं आणि नेऊन दिलं. चहा घेऊन तसाच परत फिरलो.

त्यानंतर ते नीट चाललंच नाही. दहा मिनिटं छान चालायचं, मग गचके देत बंद पडायचं. थोडं थांबलं की पुन्हा सुरू... पुन्हा बंद.

बाळू फोन करायचा. "दादा, एकदा येऊन बघ की. तुझा हात लागला की हुईल." मी फोनवरच प्लग बदल, कार्बोरेटर साफ कर, ऑइल कमी घाल असं सांगायचो. शेवटी ठरलेलं वाक्य... "येतो रे पुढच्या रविवारी."

कारखान्यात रविवारी मशीन बंद असतात, म्हणून आमची कामं रविवारीच निघतात. हे खरं आहे. पण सगळेच रविवार तसे नव्हते, हेही खरं आहे.

त्याने टेंभुर्णीच्या एका मेकॅनिकला दाखवलं. तिथे पाण्याच्या पिंपात इंजिन तासभर चाललं. "इंजिनात काय न्हाय, चालवणाऱ्यात हाय," असं तो म्हणाला म्हणे. बाळू हे मला हसत हसत सांगत होता.

मग तो वल्ही मारत जाऊ लागला. जाळी लांब, येताना वारा समोरून... खांदा भरून येतो म्हणायचा. एका दुपारी जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा त्रास जुना असणार, वल्ह्यांशी त्याचा संबंध नाही. मी मान डोलावली.

रविवारी मला बाळूच्या बायकोने, शोभाने बोलावलं होतं. जाळी आता ती स्वतः टाकणार आहे. "लांब वल्हवायला मला जमत न्हाय, दादा. इंजिन चाललं तर बरं, न्हायतर होडी इकावी लागंल."

आम्ही दोघं होडी घेऊन निघालो. इंजिन तिसऱ्या ओढीला सुरू झालं, आवाजही स्वच्छ. काठ मागे पडला आणि त्याने गचके द्यायला सुरुवात केली. "बघा, आलं त्याचं दुखणं," शोभा म्हणाली. इंजिन बंद पडलं.

पेट्रोल आहे का बघायला मी टाकीची टोपी फिरवली... फस्स करून हवा आत ओढली गेली. मी टोपी उलटसुलट करून बघितली.

टोपीच्या मधोमध एक छोटा स्क्रू आहे. त्याच्या कडेवर पकडीच्या दातांच्या खुणा होत्या. त्या खुणा माझ्याच पकडीच्या.

वेल्डिंग करून परत नेताना गाडीत पेट्रोलचा वास येत होता. स्क्रू सैल दिसला, वाटलं हादऱ्याने झाला असेल. रस्त्याकडेला थांबून पकडीने घट्ट आवळला आणि विसरून गेलो. टाकीत हवा जायची वाट त्या स्क्रूखालीच होती. हवा आत गेली नाही की पेट्रोल खाली उतरत नाही... मेकॅनिककडे बहुधा टोपी काढूनच ठेवली असणार, म्हणून तिथे चाललं.

"हा स्क्रू बाळूने कधी उघडून बघितला नाही?" मी विचारलं.

"सगळं खोललं की त्यांनी. तेवढा न्हाय. म्हनायचे, त्यो दादानं आवळलाय, त्याला हात लावायचा न्हाय."

मी तिला तिथेच, होडीतच, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच हुतं व्हय?"

तिनेच टोपी माझ्या हातातून घेतली. "कुटं फिरवायचा, दाखवा." मी दाखवलं... चालवताना उघडा, गाडीत घालताना बंद. तिने तो आपल्या बोटांनी सैल केला, टोपी बसवली आणि दोरी ओढली. जाळ्यापर्यंत जाऊन परत काठाला लागेपर्यंत इंजिन एकदाही थांबलं नाही.

निघताना तिने डब्यात चिलापी माशांचं कालवण भरून दिलं. मला एका शब्दानेही बोलली नाही, याचे उपकार मी कसे मानू...

दोन वर्षं मी येतो, येतो म्हणत होतो. काम स्क्रूच्या दोन आट्यांचं होतं.