चादरीवरची लेक

सोफ्यावर बस, म्हनली मॅडम. मी बसाया गेले तर थांब थांब म्हनली, आन् कपाटातून जुनी चादर काढून सोफ्यावर टाकली. आता बस. सायेब एका अंगाला, मॅडम एका अंगाला, मधी मी. त्यांच्या सुनंचा जुना पंजाबी ड्रेस घालून. मंगळसूत्र आधीच काढाया लावलं, ते मॅडमच्या पर्समधी. फोटोवाला म्हनला, सरका की जवळ, फॅमिलीसारखं. मॅडम कॅमेऱ्याकडं बघून हसत व्हती. हसता हसताच हळू म्हनली,

"जवळ ये. पण टेकू नको."

पुंडलिकनगरात त्यांच्याकडं मी धुनं-भांडी, फरशी करायचे. माहेर पिशोरचं, शाळा सातवीत सुटली. नवरा बिडकीनकडं कंपनीत हेल्पर. पोरगी अंगावर पिती, तिला सासूपाशी टाकून यायचे. सायेब रिटायर, त्यांचा पोरगा कॅनडात. म्हातारपन बाहेरच्या देशात काढायचं व्हतं त्यांना, पन व्हिसाचा रस्ता ठरंना. एजंट घरी यायचा. मी फरशी पुसता पुसता ऐकायचे. पोराकडं कायमचं जायाचं तर सोडत लागती, नंबरच येईना. पाहुनं म्हनून गेलं तर कायमचं राहू देत नाय. तिसरा रस्ता पोर्तुगालचा. पेन्शन दाखवा आन् रहा. संगं बिनलग्नाची, शिकनारी लेक नेता येती. कामवाली नाय नेता येत.

"मग तिथं भांडी कोण घासणार? गुडघे कोण चोळणार?" मॅडम म्हनली. आन् मग तिघं माह्याकडं बघाया लागले. बाजारात शेळीकडं बघतात तसं.

"हो जाएगा, आंटी," एजंट म्हनला. "दत्तक मुलीचे, कॉलेजचे, सगळे कागद मी बनवतो. फक्त नवरा नको. मूल नको."

"आन् माही पोरगी?" मी इचारलं.

"तुमच्यातली पोरं कशीही वाढतात गं," मॅडम म्हनली.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्याला लई खुशी झाली. जा म्हनला, माय बघल पोरीला. मी भ्याले. नाय म्हनलं तर काम जाईल, व्हय म्हनलं तर पोरगी जाईल. गप बसले, तर सगळे व्हय समजले.

मॅडमनं सोता मिक्सरमधी कडूलिंबाचा पाला वाटला. एका वाटीत दिला. "छातीला लाव रोज. आपोआप सुटेल दूध." मी वाटी पदराखाली धरून निघाले तर मागून म्हनली, "वाटी परत आणू नको."

सांजच्याला लावलं. पोरगी दुडूदुडू आली, तोंड लावलं, थू केलं. रडली नाय. माह्या तोंडाकडं बघितलं. तिला वाटलं असंल, चुकून झालं. परत तोंड लावलं. परत कडू. मग रडली. सासू म्हनली, सुटतंय बघ.

मग एजंटच्या हापिसात तालीम. काचंची खोली, गार हवा. एजंट खोटाखोटा व्हिसाचा हापिसर झाला.

"आईला काय हाक मारता?"

"आई," मी म्हनले.

मॅडम झटक्यानं वळली. "फक्त तिथं हं. घरात मॅडमच म्हणायचं."

"लग्न?"

"नाय."

"नाय काय? नाही म्हण," सायेब वरडला.

"मूल?"

बाहेरच्या बाकड्यावर कुनाचं तरी बारकं रडलं. माही नव्हं ती, पन दूध उतरलं. थांबवता येत नाय ते. ड्रेस वला झाला समदा.

"शी! सुनेचा ड्रेस आहे तो!"

एजंटनं टिश्यूचा डबा माह्याकडं ढकलला. "तिथं असं झालं तर केस खल्लास, आंटी." मग माह्याकडं बघून, "परत विचारतो. मूल?"

"हाय," मी म्हनले.

एकदा निघालं ते थांबंना. हाय. मला पोरगी हाय. दीड वरसाची हाय, चालती, माय म्हनती मला. तिचं नाव घेतलं मी मोठ्यानं, त्या काचंच्या खोलीत.

"सोफ्यावर बसवली तर डोक्यावर बसली," मॅडम म्हनली.

"चादरीवर बसवलं व्हतं," मी म्हनले. "माहं मंगळसूत्र द्या."

तिनं ते टिश्यूत धरून टेबलावर टाकलं.

काम गेलं. हिचा हात चांगला नाय, वस्तू उचलती, असं तिनं गल्लीभर सांगितलं. नवरा धड बोलत नाय. पोरगी अजून लगेच तोंड लावत नाय. आधी बोटानं पुसून बघती, मग माह्याकडं बघती. ते बघनं मी इसरनार नाय.

आता दुसऱ्या गल्लीत काम मागाया जाते तर पोरगी कडंवर असती. दारातली बाई म्हनती, पोर घरी ठेवून ये. मी म्हनते, मग दुसरी बघा. भ्या वाटतं. तरी म्हनते. मूल हाय का, हे कुनी इचारायच्या आधी, माह्या नावाच्याबी आधी सांगते.

हाय.