दार कोण वाजवंल?

भूमच्या बाजारात खव्याच्या भट्टीवरून जाताना आटत्या दुधाचा करपट-गोड वास आला आणि मला आत्याची भट्टी आणि तिथली बऱ्याच वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली.

त्या दुपारी मला इंग्लंड आणि अमेरिका, दोन्हीकडच्या नामांकित विद्यापीठांत प्रवेश मिळाला होता. आत्या कढईतला खवा हलवत, स्थळांची करावी तशी चौकशी करत होती.

"नाव कुणाचं मोठं हाय?"

"दोन्हींचं. इंग्लंडचं जुनं. तिथं काळे झगे घालून पंगतीला बसतात. अमेरिकेत मॅच, पार्ट्या, सगळं लई मोकळं म्हणतात."

"ते ऱ्हाऊ दे गं. तू तापानं फणफणलीस, तर दार कोण वाजवंल?"

मी हसले आणि माहितीपत्रकातल्या पंगतीच्या फोटोवर भाळून इंग्लंडला गेले. पंगत खरंच देखणी होती. पहिल्याच थंडीत तापानं पडले, तेव्हा मात्र दार कुणी वाजवलं नाही. अमेरिकेत वाजवलं असतं का, ते मला अजून कळलेलं नाही.

आज सोबत असलेल्या भाचीलाही दोन्हीकडून बोलावणं आलंय. "मावशी, कुठलं चांगलं?" तिनं विचारलं. उत्तर द्यायला गेले, तर तोंडातून आत्याचाच प्रश्न बाहेर पडला.

मोबाईलवर विद्यापीठांची क्रमवारी सरकवणारं तिचं बोट थांबलं.

"हे कुठं दिसतं गं, मावशी?"