पायरीवरचा पेला

आमच्या खामगावच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत चांगुणाबाईंना कुठलंही पद नाही. पण प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी काळ्या मनुका उकळून रस गाळतात त्या त्याच, आणि बिनखमिराची पोळी तव्यावर भाजतात त्याही त्याच. उपासनेत येशूच्या बलिदानाची आठवण म्हणून सगळे एकाच पेल्यातून एकेक घोट घेतात. पेला पाळकसाहेब देतात आणि प्रत्येक घोटानंतर चांगुणाबाई पांढऱ्या फडक्यानं कड पुसतात. पहिला मान ज्येष्ठ पंच उत्तमरावांचा, शेवटचा घोट चांगुणाबाईंचा. ही इथली जुनी रीत.

गेल्या वर्षी त्यांचे थोरले भाऊ पुंजाजी दुसरबीडहून त्यांच्याकडे राहायला आले. त्यांना कुष्ठरोग झाला होता. औषधं पूर्ण झाली, आता कुणाला लागण होणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बोटं मात्र वाकडीच राहिली. मंडळीत कुजबुज सुरू झाली तेव्हा तोडगा चांगुणाबाईंनीच काढला. दादांनी देवळाच्या दाराच्या पायरीवर बसायचं आणि त्यांच्यासाठी वेगळा स्टीलचा पेला ठेवायचा. "तुमचं बी भागते, दादाले बी येता येते," असं त्या म्हणाल्या. मायेनंच म्हणाल्या. आम्हालाही ते सोयीचं वाटलं.

मागच्या भोजनाला पाळकसाहेब तो पेला घेऊन पायरीशी गेले, तर पुंजाजींनी हात मागे घेतला.

"मले तहान नाही साहेब आज."

घरी जाताना ते बहिणीला म्हणाले, "पुढच्या भोजनाले येतो, सगळ्यांले जय ख्रिस्त करतो, अन् गावी जातो कायमचा."

"तिथं कोण हाय तुमचं?"

"कोणी नाही. म्हणूनच. वेगळा पेला ठेवाले बी कोणी नाही."



पुढच्या भोजनाच्या आदल्या संध्याकाळी उत्तमरावांच्या घरी बायबलचा शास्त्राभ्यास होता. विषय निघाला प्राचीन इस्राएलातल्या याजकांचा. पाळकसाहेब सांगत होते, "याजक म्हणजे नुसता बळी देणारा नव्हे. महायाजक बारा वंशांची नावं रत्नांवर कोरून छातीवर वागवायचा आणि देवापुढे जायचा. एकही वंश विसरला जाऊ नये म्हणून. आणि कातडीच्या रोगापायी ज्याला छावणीबाहेर काढलंय, तो बरा झाला का, हे पाहायला याजकानं स्वतः बाहेर जायचं. बरा ठरला की त्याच्या उजव्या कानाला, हाताच्या अंगठ्याला, पायाच्या अंगठ्याला बळीच्या कोकराचं रक्त लावायचं. याजकाच्या स्वतःच्या दीक्षेतही रक्त लावायच्या जागा त्याच."

"त्याच?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"त्याच. आणि आपला महायाजक येशू. त्यानं अशा रोग्याला नुसतं पाहिलं नाही, हात लावला. शेवटी स्वतः वेशीबाहेर गेला आणि तिथंच मेला. म्हणून आता आपल्यात याजकांचं वेगळं घराणं नाही. आपण सगळेच याजक."

"म्हणजे म्या बी?"

उत्तमराव हसले. "घ्या! आता मनुका गाळता गाळता चांगुणाबाई कोकरू कापतीन!"

सगळे हसले. चांगुणाबाई हसल्या नाहीत. "मंग उद्या दादाले त्याच पेल्यातून द्या."



"शिकवण आपल्या जागी, बाई," उत्तमराव म्हणाले. "त्यानं त्या पेल्याले तोंड लावलं, तर मी उठून जाईन. अन् मी एकटा नाही जाणार."

त्यांच्या बायकोनं, जयमालाबाईंनी, चहाचा ट्रे खाली ठेवला. "माझ्या आजीले विहिरीवर पाणी असंच वरून वाढत. शिवू नको म्हनत."

"ते वेगळं होतं."

"काऊन वेगळं?"

उत्तमरावांनी चहाचा कप उचलला. पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "पुढच्या बैठकीत ठरवू."

पुढच्या बैठकीपर्यंत पुंजाजी राहणार नव्हते. चांगुणाबाई रिकामी कपबशी हातात धरून बसून राहिल्या.

रविवारी पुंजाजी पायरीवर बसले होते. शेजारी कपड्यांची पिशवी. मेजावर स्टीलचा पेला नव्हता. उत्तमरावांनी ते पाहिलं आणि मागे वळून दोन-तीन जणांकडे नजर टाकली. गाणं झालं, पोळी मोडून झाली. पाळकसाहेब पेला घेऊन पहिल्या बाकाकडे निघाले आणि चांगुणाबाई मध्ये आल्या. खांद्यावर फडकं, दोन्ही हात पुढे.

पाळकसाहेब थबकले. नाही म्हणता आलं असतं त्यांना. मग त्यांची बोटं सैल झाली.

पेला घेऊन चांगुणाबाई बाकांच्या मधून दाराकडे चालत गेल्या. त्यांनी भावाला आत बोलावलं नाही. स्वतःच पायरीवर बसल्या.

"घ्या, दादा."

"चांगुणे, लोकं उठतीन."

"उठू द्या. तहान हाय का नाही, तेवढं सांगा."

पुंजाजींनी दोन्ही तळव्यांत पेला धरला. बोटं वळत नव्हती, म्हणून बहिणीनं खालून आधार दिला. ते प्याले. चांगुणाबाईंनी कड पुसली, सगळ्यांची पुसतात तशीच. मग त्याच पेल्यातून स्वतः प्याल्या आणि परत येऊन उत्तमरावांसमोर उभ्या राहिल्या.

उत्तमरावांनी पेल्याकडे पाहिलं, मग चांगुणाबाईंकडे. आणि उठले. मागची दोन घरंही उठली. आमच्या देवळाला दार एकच. पुंजाजींनी पिशवी मांडीवर घेऊन त्यांना वाट करून दिली.

जयमालाबाई उठल्या नव्हत्या. नवऱ्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत त्या दाराकडे बघत राहिल्या. "आणा इकडं," म्हणाल्या. त्यांनी घोट घेतला. पुढे काहींनी पेला घेतला, काहींनी मान खाली घालून पुढे जाऊ दिला. शेवटचा घोट पाळकसाहेबांनी घेतला.

उपासना संपली. चांगुणाबाई नळावर पेला घासत होत्या. जयमालाबाई बाकावरच बसून होत्या.

"घरी नाही जात?"

"जाईन. काय ऐकाले भेटणार ते ठाऊक हाय. जरा बसू द्या."

पुंजाजी पिशवी घेऊन दारात उभे होते. "गाडी गेली असन आता," ते म्हणाले. पाय उचलून पहिल्यांदाच आत आले आणि पिशवी बाकावर ठेवली. "पाणी हाय का कोणाजवळ? आता लागली तहान."

जयमालाबाईंनी पर्समधून आपली बाटली काढून पुढे केली. पुंजाजींनी सवयीनं मान मागे टाकली आणि बाटली ओठांपासून वीतभर वर धरली.

"तोंड लावून प्या, भाऊ," जयमालाबाई म्हणाल्या.