ओ-ओची जागा

गजा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वसमतला छापखान्यात उभा होतो. कुरुंद्याच्या रस्त्यावर त्याच्या दुचाकीला ट्रकने उडवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच छापखान्यात मी त्याच्या शोकसभेचं पत्रक छापायला दिलं. चळवळीची पत्रकं वाचत आणि वाटतच मी मोठा झालो, त्यामुळे रडू यायच्या आधी मथळा सुचला... ‘झुंजार गायक’. आज तो मथळा समोर आला की मान खाली जाते.

गजाचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज होतं. संध्याकाळी शटर अर्धं ओढून आम्ही तिघं तिथेच वाजवायचो. गिटार आणि आवाज गजाचा, ड्रमवर त्याचा भागीदार इरफान, बेस गिटार आणि शब्द माझे. असल्या गाण्यांना पंक म्हणतात, हे मोबाइलवर कळलेलं. वेग ठरवायला गजा दुरुस्तीला आलेली एखादी गाडी चालू करायचा, कान देऊन ॲक्सिलेटर पिळायचा आणि म्हणायचा, “हं, एवढ्यावर.” मग फाटक्या स्पीकरमधून करवतीसारखी गिटार सुटायची आणि दोन मिनिटांत गाणं खलास. पण त्या खरखरीवर त्याची चाल इतकी गोड तरंगायची की शेजारचा चहावाला ग्लास विसळताना तीच गुणगुणायचा. मला तो गोडवा सलायचा. मी पाण्यावर, रखडलेल्या नोकरभरतीवर, जातीवर लिहायचो आणि हा मधेच शब्द सोडून नुसतं ‘ओ-ओ, ओ-ओ’ सुरू करायचा.

“तिथं माझं अख्खं कडवं बसतंय. तू ओ-ओ काहून करून राहिला?”

“तुझं कडवं पाठ करायला लोकायला अभ्यासाला बसावं लागतं, नेते. ओ-ओ पहिल्या बारीलाच येतं. ते समद्यायचं हाय.”

समतेवर भाषणं ठोकणारा मी यावर हट्टाला पेटलो. त्या जागी कायम ओठ मिटून बेस वाजवला. डोंगरकडा गावातल्या शेवटच्या कार्यक्रमात सगळी गर्दी ओ-ओ करत होती आणि गजा हनुवटीने मला खुणावत होता, म्हण की... मी म्हटलं नाही.

पत्रकात तेच गाणं छापलं. गजाच्या आईने, लक्ष्मीमावशींनी, ओळीखाली बोट सरकवत ते वाचलं. “समदा रागच हाय रे ह्यात. माझं लेकरू हसरं होतं. त्याचं ते ओ-ओ कुठंय?”

“जागा पुरली नाही, मावशी.”

जागा होती. तिथे मी माझं कडवं घातलं होतं.

परवा गॅरेजवर गेलो. मावशी स्टुलावर बसल्या होत्या. इरफानने दुरुस्तीला आलेली गाडी चालू केली, ॲक्सिलेटर थोडा पिळला, थोडा सोडला... आणि एका ठिकाणी त्याचा हात आपसूक थांबला. एवढ्यावर. मावशींचा तळवा गुडघ्यावर ठेका धरू लागला. गाण्यातले शब्द मनातल्या मनात सरले, ती जागा आली आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं.

“बेसूर हाय,” मावशी म्हणाल्या. “थांबू नको.”