सातवं घर

मी तिसरीपर्यंत शिकलो, तरी आमच्या गावाचा इतिहास मलाच विचारा. तो कागदावर नाहीच, पालखीच्या वाटेत आहे. चैत्रात गावदेवीची पालखी निघते ती घरं वसली त्या क्रमानं दारोदार जाते. पहिलं घर मिठागर बांधायला आलेल्यांचं. मग त्यांचा मेहुणा आला, मग होडीवाले. माझा पणजा सातवा. खाडीला बांध घालायला माणसं कमी पडत होती, म्हणून त्याला ठेवून घेतलं.

पुढे पनवेलजवळची आमची जागा प्रकल्पात गेली आणि गाव नव्या वसाहतीत आलं. प्लॉट चिठ्ठ्या टाकून मिळाले. पहिलं घर गेलं पार शेवटच्या गल्लीत. मी आलो नाक्यावर, देवळाला लागून. पहिल्याच चैत्रात पोरांनी ठरवलं, पालखी देवळातून सरळ गल्लीगल्लीनं न्यायची. म्हणजे पहिला मान माझा. त्यांना वाटलं, म्हातारा खूश होईल.

मी पालखीसमोर रस्त्यातच बसलो. आधी पहिल्या घरी, मग बाकीचं. पोरं म्हणाली, उन्हात उलटसुलट फेऱ्या कोण मारणार? मी म्हटलं, ज्यांच्या खांद्यावर देवी आहे ते.

पहिल्या घरचा म्हातारा माझ्याच वयाचा. शेताच्या हद्दीवरून भांडलो तेव्हापासून आमचं बोलणं बंद. तोच पुढे येऊन पोरांना म्हणाला, "जाव द्या सरळ. मला काय नाय त्याचं."

माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांनी त्याच्याशी बोललो ते असं, "तुला नसंल, मला हाय. तू पयला नाय, तं मी सातवा कसा? उद्या पोरं म्हणतील, आमी सगले चिठ्ठीतनं आलो."

त्यानं चपला काढल्या, पुढच्या दांड्याला खांदा दिला आणि शेवटच्या गल्लीकडे निघाला.

सगळी वसाहत आम्ही आडवीतिडवी फिरलो. पोरं मला शिव्या घालत होती, पण प्रत्येक दारातून निघताना विचारतही होती, आता कोण? आम्ही दोघं सांगत होतो. चौथ्या-पाचव्यावरून आमचं पुन्हा वाजलं. चूक त्याची होती.

माझ्या दारी आलो तेव्हा उन्हं कलली होती. बायकोनं सकाळी भरलेल्या ताटातली फुलं सुकली होती. त्यानं घाम पुसला आणि पोरांना म्हणाला, "टेकवा. ह्यो सातवा."

तेव्हापासून पालखी तशीच जाते. देवळातून निघाली की आधी माझ्याच दारावरून पुढे जाते. मी उठत नाही. माझी पाळी यायला वेळ असतो.