एकोडीपर्यंत टोचन

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या होत्या. भंडाऱ्यात मी शिकवते त्या शाळेला कुलूप होतं, फराळाचे डबे भरून झाले होते आणि मी दोन दिवस नुसतं पडून राहायचं ठरवलं होतं. तेवढ्यात दादाचा फोन.

"जवाहरनगरले ये. लायसन सोबत आण."

"कायले?"

"गाडी घेतली. फौजेची. एकोडीले न्याची हाये."

पुढचं काही विचारायच्या आत त्याने फोन ठेवला. दादा एकोडीला आमची धानाची शेती करतो. मोठा भाऊ म्हणून लहानपणापासून त्याने मला हुकूमच सोडले आहेत आणि मीही बडबडत का होईना, जात आले आहे. त्या दिवशीही गेले.

तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून रिटायर झालेल्या एका काकांच्या घरामागे ती गाडी उभी होती. जीपपेक्षा लांब, मागे पत्र्याची बंद खोली, मळकट हिरवा रंग. काकांनी ती कधीतरी लिलावात घेतली होती आणि तेव्हापासून ती तिथेच होती. टपावर दोडक्याचा वेल चढला होता. काकू गाडीच्या एका दारावर वाळत घातलेली चादर काढत होत्या आणि त्यांचा चेहरा घरातलं जड दुखणं निघून चालल्यासारखा उजळला होता.

दादाचा ट्रॅक्टर समोर लागलेलाच होता. ट्रॅक्टरच्या मागे जाड लोखंडी साखळी, साखळीचं दुसरं टोक गाडीच्या पुढच्या हुकात.

"टोचन करून न्याची," दादा म्हणाला. "तू आत बस. फक्त स्टेरिंग धर."

"सुरू काहून नाही होत?"

"बॅटरी नाई."

"मग बॅटरी टाक ना!"

"घरी टाकू. बस तू."

काकांनी "जय भीम" करून निरोप दिला, काकूंनी वेल सोडवून घेतला आणि आम्ही निघालो.

मी रोज कार चालवते. मला वाटलं होतं, स्टिअरिंग धरण्यात काय आहे? पहिल्याच वळणावर कळलं. ते चाक फिरवायला दोन्ही हात, खांदे आणि दातओठ लागत होते. ब्रेक होता, पण पाय नुसता ठेवून उपयोग नव्हता, त्यावर जवळजवळ उभं राहावं लागे. हॉर्न नव्हता. आरसा नव्हता. समोरच्या काचेवर कित्येक वर्षांची धूळ होती, तिच्यातून मला दादाची पाठ दिसत होती. नागपूरकडून येणारे ट्रक आम्हाला खेटून हॉर्न मारत जात होते आणि ती पाठ काही वळत नव्हती.

साखळी ढिली पडून झटका बसला की मी ओरडायचे, "दादा, हळू!" ट्रॅक्टरच्या आवाजात ते मलाच ऐकू येत नव्हतं. मी खिडकीतून ओढणी हलवली. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवरची माणसं मला पाहून हात हलवायला लागली. दादा पुढेच. फोन लावला तर त्याचा फोन त्याच्या शर्टाच्या खिशात वाजत राहिला असणार.

भंडारा ओलांडून वैनगंगेच्या पुलाकडे उतार लागला. तिथे दादाने वेग कमी केला आणि माझी गाडी कमी करेना. मी ब्रेकवर उभी राहिले, तरी ती निवांत पुढे सरकत गेली आणि ट्रॅक्टरला मागून ठोकून थांबली. आता मात्र तो वळला. उतरून आला.

"बिरेक काहून नाही मारत?"

"मारूनच राहिली! तू एकदा तरी मागं पाहशील का नाही?"

"मागं पाहू का पुढं पाहू?"

"आरसा लावायचा होता मग! दोन तासांपासून ओरडून ओरडून माझा घसा बसला!"

मागे गाड्यांची रांग लागली होती. एका बसमधले प्रवासी खिडक्यांतून डोकावून आमचं भांडण बघत होते. त्यामुळे ते अर्धवट सोडून आम्ही पूल ओलांडला. पलीकडे पोलीस उभेच होते.

त्यातल्या वयस्कर हवालदाराने हात केला. कागद मागितले. दादाने काकांनी दिलेला लिफाफा पुढे केला. हवालदाराने कागद पाहिले आणि गाडीभोवती एक चक्कर मारली.

"हा रंग फौजेचा आहे. आपल्यासारख्याले चालत नाही. माहीत आहे का?"

"रंगवून घेतो साहेब. घरी गेलो का पहिलं तेच काम."

"बोनेट उघडा. इंजिन नंबर पाहू द्या."

दादा घुटमळला. "राहू द्या ना साहेब. गंजून बसलं हाये ते."

तेव्हाच मला शंका यायला हवी होती. बोनेट तारेने बांधलेलं होतं. हवालदाराने स्वतः तार सोडली, झाकण वर केलं आणि आत वाकून पाहिलं. मग हसायला लागला. "मॅडम, या इकडं."

मी जाऊन पाहिलं. आत इंजिन नव्हतंच. काकांनी घराच्या छपरावरून उतरवलेली जुनी मातीची कवेलू नीट रचून ठेवली होती आणि त्यांच्यावर मांजराने केव्हातरी पिल्लं घातल्याच्या खुणा होत्या.

"ही गाडी नाही साहेब," दादा खाली मान घालून म्हणाला, "भंगार हाये. भंगारच घेतलं मी."

मी गाडीकडे गेले. पर्स उचलली आणि बस मिळेल त्या दिशेने चालायला लागले. ऊन चढलं होतं, हाताच्या तळव्यांना फोड आले होते. बॅटरी नाई म्हणे! बिनइंजिनाच्या लोखंडासाठी मी ट्रकांच्या मधून जीव मुठीत धरून आले होते.

दादा धावत आला. "बाई, ऐक ना."

"कायले घेतलं ते? सांग आता खरं."

तो रस्त्याच्या कडेला थांबला. मग म्हणाला, "जागलीसाठी."

भारी, म्हणजे उशिरा पिकणारा धान अजून शेतात उभा होता. रानडुकरं येतात म्हणून दादा रात्री शेतावर झोपतो. चार बल्ल्यांवर बांधलेलं मचाण असतं त्याचं. मागच्या महिन्यात त्या मचाणाखाली अस्वल आलं होतं. बल्ल्या घासत, हुंगत बराच वेळ तिथेच होतं. दादा वर बसून होता, टॉर्चसुद्धा लावायची हिंमत झाली नव्हती.

"पत्र्याची खोली, दार आतून बंद होते," तो म्हणाला. "मले इंजिन काय करायचं हाये?"

"वहिनीले माहीत आहे?"

"हो."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"तुले सांगतलं असतं तर तू म्हटली असती, सोड शेती, भंडाऱ्याले ये."

म्हटलं असतंच. तिथेच, त्या उन्हात, म्हटलंही.  माझा राग दुप्पट झाला होता. अस्वल येऊन गेलं, महिना उलटला, वहिनीने फोनवर रोज भाजी काय केली ते सांगितलं, पण हे सांगितलं नाही.

हवालदाराने शेवटी सोडलं. जमेल तिथे मोठा रस्ता सोडून आतल्या रस्त्याने जा, मागे लाल कापड बांधा आणि चार दिवसांत रंग बदला, एवढ्यावर. दुसरं कुणी नव्हतं म्हणून स्टिअरिंगवर परत मीच बसले. लाखनी, साकोली, मग एकोडी. दादा आता दर थोड्या वेळाने मागे वळून पाहत होता, त्यामुळे ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला जात होता आणि मला आणखीच भीती वाटत होती.

घरी न थांबता आम्ही सरळ शेतावर गेलो. भारी धान नाल्याकडच्या टोकाला होता, गाडी तिथपर्यंत न्यायची होती. रस्त्यालगतच्या बांधीतला, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यातला, लवकर येणारा हलका धान कापून झाला होता आणि वरून जमीन वाळलेली दिसत होती. मी म्हटलं, एकदा चालून पाहू. दादा म्हणाला, "मले माहीत हाये माझी बांधी." बांधीच्या मध्यावर गाडीची चारही चाकं खाली बसली. वरच्या कोरड्या पापुद्र्याखाली नुसता चिखल होता. दादाने जोर लावला तशी ट्रॅक्टरची चाकं जागीच फिरली, साखळी तुटली आणि काम संपलं. वहिनी शेताच्या धुऱ्यावर पाण्याची कळशी घेऊन उभी होती. तिच्याकडून पाणी घेतलं, पण मी तिच्याशी बोलले नाही.

गाडी अजून तिथेच आहे. घराला लावून उरलेला निळा ऑइलपेंट दादाने तिला फासला. तो आत झोपतो, दार लावून. आत पत्रा घाम गाळतो, पाय पूर्ण लांब होत नाहीत आणि तिथून नाल्याकडचं टोक दिसत नाही. त्या हंगामात डुकरांनी टोकाच्या दोन बांध्या तुडवल्या आणि दादाला ते सकाळी कळलं.

"धान जाऊ द्या वो बाई," वहिनी मला म्हणाली, "माणूस तं आत राह्यते."

मला हे पटत नाही असं नाही. पण दोघांपैकी एकाने जरी आधी सांगितलं असतं, तर मी निघण्यापूर्वी त्या बांधीतून टोकापर्यंत चालून पाहिलं असतं, आणि चिखल सुकेपर्यंत ती गाडी काकूंच्या चादरींखाली राहू दिली असती.